भिंगरी टिकला तर

आमचं सोफे दुरुस्त करायचं दुकान संध्याकाळी बंद झालं की खरं भरतं. शटर अर्ध्यावर आलं की एकेक जण वाकून आत शिरतो आणि लोकांच्या सोफ्यांवर स्वतःच्या घरी असल्यासारखा पसरतो. नवं कापड चढवलेल्या सोफ्याला हात लावायचा नाही, एवढाच नियम. जुन्यावर कसंही बसा, स्प्रिंग टोचली तर तुमचं नशीब. फुटबॉलवर तासन्‌तास भांडायचं तर बसायला मऊ जागा लागते, आणि ती आमच्याइतकी अख्ख्या शहरात कुणाकडे नाही.

दुकान माझ्या सासऱ्यांचं. मी त्यांना बाबा म्हणते. उभा जन्म त्यांनी दोनच गोष्टींना वाहिलाय, सोफे आणि आमचा क्लब. तिसरी गोष्ट आम्ही घरचे, पण आमचा नंबर क्लब हरला नसेल त्या आठवड्यात लागतो. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, या धंद्यात आला असता, पण जुन्या गादीची धूळ नाकात गेली की त्याच्या शिंका संध्याकाळपर्यंत थांबत नाहीत. तो बिचारा विमा कंपनीत टेबलामागे सुखात आहे. त्याच्याऐवजी मी ‘चार दिवस हातभार लावते’ म्हणून आले आणि इथलीच झाले.

कारागिरांच्या बरोबरीने मी सगळं करते. जुनं कापड उसवते, फोम कापते, पट्टे ताणते, स्टेपल मारते, आणि ‘आमचा सोफा कुठवर आला’ म्हणून दारात उभ्या राहणाऱ्यांची समजूत काढते. एकच गोष्ट मला करू देत नाहीत. नवं कापड बेतणं. मोठ्या टेबलावर ताका उलगडायचा, खडूने आखायचं आणि ती लांब कात्री चालवायची, हे काम बाबांचं. मी किती वेळा विचारलं असेल. दर वेळी ‘बघू’ म्हणायचे. ‘बघू’ म्हणजे काय, हे सासरी राहिलेल्या बाईला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

तर त्या संध्याकाळी बातमी अशी फुटली होती की क्लब नवा कोच म्हणून भिंगरीला आणतोय.

भिंगरी आमचा जुना विंगर, मैदानाच्या कडेने पळणारा. गेल्या सीझनपर्यंत खेळत होता. मैदानावर असा गरगर फिरायचा की समोरच्या बचावफळीला चक्कर यायची, आणि कधी कधी त्यालाही. एकदा पाच जणांना चकवून तो बॉलसकट गोललाइनच्या बाहेर निघून गेला आणि हात वर करून नाचला. आम्हीही नाचलो. गोल झालेला नाही हे सगळ्यांत शेवटी आम्हाला कळलं. असा हा माणूस. प्रेम करावं असा. पण कोच?

“कोचिंगचा अनुभव काय त्याला?” चष्मेवाल्याने विषयाला हात घातला. त्याचं चष्म्याचं दुकान आमच्या समोरच आहे आणि तो तीन पायांच्या एका आरामखुर्चीत तोल सांभाळून बसतो. “शून्य. अहो, मैदानाच्या आत धावणाऱ्याला जवळचं दिसतं. कोचला लांबचं दिसावं लागतं. नंबरच वेगळा.”

“तुम्हाला सगळीकडे नंबरच दिसतात,” गणिताच्या बाई म्हणाल्या. त्या शाळेत शिकवतात, मॅचला शिट्टी आणतात आणि रेफरीपेक्षा जास्त वाजवतात. “मी स्वतः शाळेत गणितात नापास झाले होते. म्हणून तर पोरं कुठे अडकतात ते मला कळतं. भिंगरी आयुष्यभर चुकलाय. त्याच्याइतकं कोण शिकवेल?”

“बाई, ही तारीफ आहे का?” भोंगा म्हणाला. भोंगा अँब्युलन्स चालवतो. नाव गाडीवरून पडलं की आवाजावरून, हे सांगता येणार नाही. “मी रोज गाडी चालवतो. म्हणून मला कुणी इंजिन खोलायला सांगतं का?”

बाबा इतका वेळ गप्प होते. ते गप्प असले की आम्ही सगळे जरा सरसावून बसतो.

“माणूस जन्मभर खुर्चीवर बसतो,” ते म्हणाले. “म्हणून त्याला खुर्ची बनवता येते का? चांगला खेळला, मान्य. मी त्याच्यासाठी घसा फोडून घेतलाय. पण एकदम कोच? अरे, आधी पोरांच्या टीमला शिकव, दुसऱ्याच्या हाताखाली राहा, चार वर्षं काढ. काही शिस्त आहे का नाही? हे म्हणजे उद्या मी आमच्या सूनबाईच्या हातात कात्री देण्यासारखं झालं. तो कोच झाला ना, तर मी खरंच देतो हिला कात्री. सगळं दुकानच देतो.”

सगळे खो खो हसले. भोंगा तर इतका हसला की त्याच्या खालची स्प्रिंग वाजली. मीही हसले, कारण हसले नसते तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं, आणि ते मला या मंडळींना दाखवायचं नव्हतं. अशक्य गोष्टीचं उदाहरण द्यायचं तर सापडले काय, मी आणि माझ्या हातातली कात्री. त्या रात्री मी नवऱ्याशी बोलले नाही. त्याचा काही दोष नव्हता, पण त्या घराण्याचा माणूस हाताशी तोच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करतेय तोवर सायरन वाजवत अँब्युलन्स आली, दारासमोर हळू झाली आणि भोंग्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“वहिनी, भिंगरी कोच झाला. क्लबनेच जाहीर केलं. कात्री घ्या.”

“अहो, आत पेशंट आहे का?”

“आहे. पाय मोडलाय. तोही आपल्याच क्लबचा आहे, तोच म्हणाला थांबव.”

आतून एक कण्हता आवाज आला, “अभिनंदन, वहिनी.” आणि गाडी गेली.

मी मागे वळले तर बाबा उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चेहऱ्यावर अशी कळा, की भिंगरी कोच झाल्याचं दुःख जास्त की स्वतःच्या जिभेचं, तेच कळेना. ते एका स्टुलाचे खिळे काढत बसले. दिवसभर तेच एक स्टूल.

संध्याकाळी मात्र सुटका नव्हती. मंडळी रोजच्यापेक्षा लवकर आली. चष्मेवाला तर म्हणे गिऱ्हाइकाला अर्धवट टाकून आला होता.

“काका, शब्द दिलाय तुम्ही,” तो म्हणाला.

“अरे, बोलण्याच्या ओघात माणूस काहीही बोलतो.”

“तसं मी वर्गात म्हटलं तर चालेल का?” गणिताच्या बाईंनी विचारलं. “चार लोकांच्या देखत बोललात. आम्ही काय सोफे म्हणून बसलो होतो का?”

गंमत बघा. काल भिंगरीच्या नावाने बोटं मोडणारे आजही त्याच्या बाजूने नव्हते, पण माझ्या बाजूने मात्र एकजात उभे होते. तत्त्वासाठी म्हणा, नाहीतर बाबांची फजिती बघण्यासाठी म्हणा. मला कारणाशी कर्तव्य नव्हतं.

बाबांचा नाइलाज झाला. मग उठले, टेबलाच्या खणातून कात्री काढली आणि माझ्यापुढे धरली.

“घे,” म्हणाले. “पण एक सांगतो, सगळ्यांच्या देखतच सांगतो. भिंगरी टिकला तर तू टिकशील. तो गेला की कात्री परत माझ्याकडे.”

आता हे ऐकायला बरं वाटतं, पण आमच्या क्लबचे अध्यक्ष कोच बदलण्यात किती तरबेज आहेत हे शहराला ठाऊक आहे. मागचा एक कोच तर सामान उतरवायच्या आतच गेला. मी कात्री हातात घेतली. माझं सगळं भवितव्य आता अशा माणसाच्या हाती होतं, जो बॉलसकट मैदानाबाहेर जाऊन नाचतो. आणि खरं सांगायचं तर मलाही कोच म्हणून भिंगरी नकोच होता. बाबांचं म्हणणं मला शब्दन्‌शब्द पटत होतं. पण ते बोलायची आता चोरी होती.

दुसऱ्या दिवसापासून मी भिंगरीची वकील झाले. सराव सामन्यात तीन गोल खाल्ले तर मी म्हणायची, “प्रयोग चाललेत.” त्याने मुलाखतीत स्वतःच्याच खेळाडूचं नाव चुकवलं तर म्हणायची, “डोक्यात किती विचार असतील.” चष्मेवाला म्हणाला, “वहिनी, तुम्ही त्याच्या आईपेक्षा वरताण झालात.” सासूबाईंना फुटबॉलमधलं ओ का ठो कळत नाही, पण त्याही रोज जेवताना विचारायला लागल्या, “काय गं, तो मुलगा ठीक आहे ना? काढणार नाहीत ना त्याला?” त्यांची काळजी वेगळी होती. बाबा कामातून मोकळे होऊन दुपारचे घरी राहायला लागले तर काय, ही त्यांना आधी धास्ती होती. पण बाबा दुपारचे जुने सामने लावून टीव्हीशी भांडायला लागले, आणि त्यांना आयतीच करमणूक झाली. आता ती बंद पडू नये, एवढंच.

मी कापडं बेतू लागले. पहिल्या दिवशी एका साध्या उशीसाठी मी इतका वेळ आखत बसले की खडू झिजला. बाबा दुकानाच्या दुसऱ्या टोकाला माझ्याकडे पाठ करून बसायचे. बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण कात्रीचा आवाज ऐकू येतोच. कात्री थांबली की त्यांची मान ताठ व्हायची, पुन्हा चालली की सैल पडायची. मी ती मान बघून हसायची. दोन खुर्च्या झाल्या, एक दिवाण झाला, कुणाची तक्रार आली नाही. मला पंख फुटले. मग फोटोवाल्याचा सोफा आला.

तो मोठा स्टुडिओ चालवतो आणि घराघरांतली माणसं त्या सोफ्यावर बसून फोटो काढतात. तीन माणसांचा सोफा, क्लबच्याच रंगाची मरून मखमल. कापड त्याने स्वतः आणलं होतं आणि जेमतेम आणलं होतं. मी टेबलावर तुकडे असे मांडले, तसे मांडले, शेवटी मधल्या गादीचा तुकडा फिरवून बसवला तर सगळं बरोबर बसलं. वर एक पट्टी उरलीसुद्धा. ती पट्टी हातात धरून मी स्वतःवर इतकी खूश झाले की विचारू नका. बाबांनी बघायला हवं होतं, असंही मनात आलं.

भिंगरीच्या पहिल्या खऱ्या मॅचच्या आदल्या दिवशी तिन्ही गाद्या चढवल्या आणि सोफा उजेडात ओढला. बाजूच्या दोन गाद्या मरून. मधली काळपट. हात फिरवला आणि चूक कळली. मखमलीला लव असते, ती एकाच दिशेने यावी लागते. उलटी लागली की उजेड तिच्यावर वेगळा पडतो. कुणीही शिकाऊ पहिल्या दिवशी हे शिकतो, आणि मलाही ते माहीत होतं. पट्टी वाचवण्याच्या नादात विसरले. आता फोटोवाल्याच्या प्रत्येक फोटोत मधे बसलेला माणूस खड्ड्यात बसल्यासारखा दिसणार होता. मॅच रविवारी, फोटोवाला सोमवारी संध्याकाळी येणार. बाबा तिकिटं आणायला गेले होते म्हणून मी वाचले. मी सोफ्यावर चादर टाकली आणि देवाचं नाव घेतलं. म्हणजे भिंगरीचं.

रविवारी स्टेडियम गच्च. आम्ही सगळे आमच्या नेहमीच्या कोपऱ्यात. बाबा माझ्या डावीकडे, बाई शिट्टीसकट उजवीकडे, भोंगा आणि चष्मेवाला पुढे. भिंगरी सूट घालून रेषेपाशी उभा होता. उभा कसला, तिथेही गरगर फिरत होता. बॉल डावीकडे गेला की हा डावीकडे धावे, उजवीकडे गेला की उजवीकडे. लाइनमनला दोनदा धडकला. लोक हसत होते, पण प्रेमाने. पूर्वार्धात गोल झाला नाही आणि मला वाटलं, निभावलं.

उत्तरार्ध सुरू होताना त्याने एकदम तीन खेळाडू बदलले. थोड्या वेळात आणखी दोन. चष्मेवाला मागे वळला. “संपले. पाचही बदल संपले. आता कुणाचं काही झालं तर?”

“काही होत नाही,” मी म्हटलं.

आणि आमचा गोलकीपर खांबावर आपटून खाली पडला. उठेना. स्ट्रेचर आलं. बदल शिल्लक नाही. भिंगरी डोक्याला हात लावून उभा राहिला, आज पहिल्यांदाच स्थिर. शेवटी आमच्या उंच स्ट्रायकरला गोलकीपरचे हातमोजे चढवले आणि गोलमध्ये उभा केला. त्याला बॉल हाताने धरायची सवय नाही, त्याने पहिला बॉल छातीवर घेतला आणि गोंधळून पुढे पळत सुटला. समोरच्या टीमने वाटेतच बॉल काढून घेतला आणि रिकाम्या गोलमध्ये आरामात घातला.

मग जे सुरू झालं. आमच्या मागच्या रांगांतून आरोळी उठली, “भिंगरी, घरी जा.” ती पसरत पसरत अख्ख्या बाजूने उचलली. वर अध्यक्षांच्या काचेच्या खोलीकडे लोक बोटं दाखवू लागले, काढा याला, आत्ताच काढा. मी त्या खोलीकडे बघत होते. तिथे एक माणूस उठून उभा राहिला असता तरी मी रडले असते.

उठले ते बाबा. सीटवर चढले, मागे वळले, आणि ज्या घशाने जन्मभर क्लबसाठी ओरडले त्या घशाने आमच्याच लोकांवर ओरडले.

“गप्प बसा. पहिला दिवस आहे त्याचा. तुम्ही पहिल्या दिवशी काय दिवे लावले होते? चुकला. पुढच्या वेळी नाही चुकणार. शिकू द्या त्याला.”

मागची एक रांग खरोखर गप्प झाली. भोंग्याने लगेच री ओढली, “शिकू द्या.” बाईंनी शिट्टी वाजवली. आणि हेच बाबा महिनाभर भिंगरीला नावं ठेवत होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. माझा ऊर भरून आला आणि त्याच भरात माझ्या तोंडून निघून गेलं.

“बाबा, फोटोवाल्याची मधली गादी मी उलटी बेतलीय.”

ते सीटवरून खाली उतरले. “काय?”

“लव उलटी. काळी दिसते.”

“मखमलीची?” ते इतक्या जोरात म्हणाले की चष्मेवाल्याने वळून बघितलं. “मखमलीची लव उलटी? अगं, डोळे कुठे ठेवले होतेस? आधी हात फिरवायचा, मग खडू उचलायचा, हे किती वेळा, किती वेळा बोललोय मी कारागिरांना? तुझ्यासमोर बोललोय. भिंतीशी बोलत होतो का?”

“कापड कमी होतं, म्हणून तुकडा फिरवला.”

“फिरवला! कमी होतं तर फोन करायचा गिऱ्हाइकाला, आणखी आण म्हणायचं. अक्कल गहाण टाकून तुकडा फिरवला. आणि वर चादर टाकली असशील.”

“टाकली.”

“टाकली म्हणे.”

इतक्या वर्षांत बाबा मला कधी आवाज चढवून बोलले नव्हते. चहा सांडला, गिऱ्हाईक परत गेलं, स्टेपल बोटात घुसली, काहीही झालं तरी ‘असू दे, सूनबाई’. तसलं ‘असू दे’ पाहुण्यांना म्हणतात. ओरडत ते फक्त कारागिरांवर. आणि आता ते माझ्यावर असे ओरडत होते की आजूबाजूच्या लोकांना वाटलं हे भिंगरीलाच झापताहेत, दोघे-तिघे तर मधे मधे ‘बरोबर आहे’ म्हणत होते. मला हसू येत होतं, डोळेही वाहत होते. मी ते पुसलेही नाहीत. ओरडा, बाबा, आणखी ओरडा, असं मला म्हणावंसं वाटत होतं.

“सोमवारी काय सांगणार होतीस त्याला? फोटो अंधारात काढ म्हणून?”

तेवढ्यात सगळं स्टेडियम उसळलं. बाई माझ्या गळ्यात पडल्या, भोंगा चष्मेवाल्याला उचलून नाचवू लागला. आम्ही गोल केला होता. आम्हा दोघांच्या पाठी मैदानाकडे होत्या. बाबांनी जन्मात पहिल्यांदा आपल्या क्लबचा गोल चुकवला, आणि त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं.

“उद्या सकाळी आधी ती गादी उसव,” ते त्या गदारोळात माझ्या कानाशी ओरडले. “फोटोवाल्याला खरं सांग. नवं कापड आण.”

“तेवढंच आणू की जरा जास्त?”

“मला काय विचारतेस?” बाबा वैतागून म्हणाले. “दुकान तुझं आहे.”

मग ते मैदानाकडे वळले आणि भोंग्याला विचारू लागले की गोल केला कुणी.